चाकू माझा, पसंती त्यांची

पेणच्या बाजारातल्या हत्यारांच्या मोठ्या दुकानात मी घडीचा, एका हाताने उघडणारा चाकू मागितला, तेव्हा दुकानदाराने माझ्या मुलाकडे बघून विचारलं, "काकूंना कशाला लागतो? फळं कापायला?"

मी समोर उभी होते. चाकू मी मागितला होता. तरी मुलगा म्हणाला, "तिला बागकामाची आवड आहे."

आवड नाही. काम आहे. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यापासून मी रोह्याच्या आमच्या जमिनीवर आंब्याची कलमं बांधते. कोय रुजून तांबूस कोंब वर आला की तो छाटायचा, मधोमध चिरायचा आणि चांगल्या झाडाची पाचरीसारखी तासलेली काडी त्या चिरेत बसवून वर पट्टी गुंडाळायची. काप एका ओढीत व्हावा लागतो. कड चेचली गेली की कलम मेलं.

काही वर्षांपूर्वी वडखळच्या पुढे आमची रिक्षा खड्ड्यात उलटली आणि माझा डावा हात अंगाखाली सापडला. तो हात आता रोप धरतो, पट्टी दाबून ठेवतो, पण त्याच्या चिमटीत जोर राहिलेला नाही. माझा जुना चाकू नखाने पातं ओढून उघडायचा होता. ते जमेना म्हणून मी दातांनी ओढायला लागले. मुलाने एकदा ते पाहिलं आणि पुण्याला परत जाईपर्यंत तो मला त्यावरून बोलत राहिला. तो म्हणत होता त्यात चूक काही नव्हतं. म्हणूनच मी चांगला चाकू घ्यायचं ठरवलं. महाग असला तरी चालेल, माझ्या पेन्शनमधून घेणार होते. कुठल्या पोलादाचं पातं किती धार धरतं, कुठलं लॉक बोटांना सोयीचं, हे सगळं मी फोनवर बघून, वाचून ठेवलं होतं.

दुकानदाराने शेवटी काचेखालचे दोन चाकू काढले. दोन्हींचं पातं सारखंच होतं, मूठही जवळपास सारखी. फरक उघडण्यात होता. एकाच्या पात्याला अंगठ्यासाठी भोक होतं. अंगठा टेकवून फिरवला की पातं लोण्यातून सरकल्यासारखं बाहेर यायचं आणि आपण थांबवू तिथे थांबायचं. दुसऱ्यात स्प्रिंग होती. अंगठ्याने जरासं ढकललं की पुढचं काम स्प्रिंग करायची आणि पातं खटकन उघडायचं.

मी दोन्ही बरेचदा उघडून, मिटून पाहिले. स्प्रिंगचा चाकू उघडताना मुठीला झटका बसायचा. तरी उघडणं ठीक होतं, पंचाईत मिटताना होती. स्प्रिंग पात्याला परत बाहेर ढकलते, आणि एकाच हाताने मिटायचं तर बोटं नेमकी पात्याच्या वाटेत येतात. ज्यांचे दोन्ही हात धड आहेत ते दुसऱ्या हाताने मिटतात. मला तो दुसरा हात नाही.

मी भोकाचा चाकू पुढे सरकवला आणि हा द्या म्हटलं.

दुकानदार मुलालाच म्हणाला, "साहेब, काकूंना स्प्रिंगवाला बरा. ताकद लागत नाय त्याला."

ताकद माझ्या उजव्या हातात भरपूर आहे, असं मी सांगितलं. का नको तेही सांगितलं, शाळेत सांगायचे तसं, सावकाश. दोघांनी मान डोलावली. मग मुलगा म्हणाला, तू रिक्षात जाऊन बस, ऊन लागतंय, मी बांधून घेतो. मी जाऊन बसले.

पेणच्याच आमच्या घरी येऊन डबी उघडली तर आत स्प्रिंगचा चाकू.

दुकानदाराने चुकून दिला असेल असंच मला वाटलं. मुलगा शांतपणे म्हणाला, "चुकून नाही. आम्ही दोघांनी विचार केला. तुला दुकानात घाईत फरक नीट कळला नाही." फरक मला कळला नाही. ज्या माणसाने आयुष्यात एक कलम बांधलेलं नाही आणि ज्याचे दोन्ही हात शाबूत आहेत, तो मला हे सांगत होता, आणि सांगताना माझ्या खांद्यावर हात ठेवत होता. त्या हाताचाच मला जास्त संताप आला. एरवी तो गुणी मुलगा आहे, त्यामुळे भांडायलाही जागा सापडत नाही. दोन दिवस राहून तो पुण्याला गेला. जाण्याआधी चाकू घेऊन बाजारात एक चक्कर मारून आला. लॉकला तेल घालून आणतो म्हणाला होता.

मी एकटी दुकानात गेले आणि चाकू बदलून मागितला. दुकानदार म्हणाला की साहेबांनी पसंत केलाय, साहेबांना घेऊन या. बिल कुणाच्या पैशांचं, असं मी विचारलं. तो हसला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

पावसाळा लागला, कोयी रुजून आल्या. थांबून चालणार नव्हतं. तोच चाकू घेऊन मी रोह्याला गेले. जमिनीवर आमची एक खोली आहे, हंगामात मी तिथेच राहते. शेजारची वाडी एका मुसलमान गृहस्थांची आहे. त्यांची उमेदीची वर्षं कुवेतमध्ये गेली. आता ते परत येऊन नारळ-सुपारी बघतात. मी त्यांना भाई म्हणते, ते मला सगळ्या गावासारखं बाई म्हणतात.

चाकू मिटण्याचा त्रास होताच. पातं मांडीवर दाबून मी तो मिटायला शिकले. पण काप बिघडत होते. कोंब चिरायच्या ऐवजी दबत होता, काडीची कड फाटत होती. चाकू नवाकोरा, त्यामुळे धारेची शंकाच आली नाही. मला वाटलं, डावा हात रोप नीट धरत नसेल. मग वाटलं, उजवाही गेला. मी अधिक जोर लावला, त्याने अधिक चेचलं. बांधलेली कलमं एकामागून एक काळी पडली. दर वर्षी त्यातली बहुतेक जगायची. त्या दिवसांत मी पट्ट्या सोडून मेलेल्या काड्या काढायचे आणि हात मांडीवर उलटे ठेवून बघत बसायचे. माझे हात संपले, असं मी स्वतःला सांगूनही टाकलं होतं. पुढच्या वर्षीपासून हे बंद करायचं, असंही ठरवलं होतं.

एका सकाळी भाई खताची गोणी घेऊन आले आणि तोंडाची सुतळी कापायला त्यांनी माझा चाकू मागितला. चाकू सुतळीवरून घसरला. पुन्हा ओढला तर सुतळीचे नुसते पिंजून धागे झाले.

"बाई, नवा ना हा?" त्यांनी विचारलं.

मी चाकू हातात घेतला आणि पातं अंगठ्याच्या नखावर टेकवलं. चांगली धार नखाला पकडते. हे पातं काचेवर फिरावं तसं घसरत गेलं. मग उजेडात धरलं. धारेच्या कडेने सगळीकडे पांढरी, सपाट रेघ होती. वापराने धार जाते तशी ही गेलेली नव्हती. ही घासून काढलेली होती.

मी तिथूनच मुलाला फोन लावला. त्याने लपवलं नाही, त्याला लपवावंसं वाटलंच नाही. बाजारातल्या धारवाल्याकडून त्यानेच ती घासून बोथट करून घेतली होती. म्हणाला, "अगं, स्प्रिंगने एकदम उघडतो. बोट गेलं असतं तुझं. तुला काय, थोडंफार कापायला पुरतं की."

त्याने मला झटक्याने उघडणारा चाकू दिला, मग तो झटक्याने उघडतो म्हणून बोथट केला, आणि माझी कलमं मरत होती तेव्हा तो पुण्यात निश्चिंत होता. मी रडून त्याला फोनवर सांगितलंही होतं की माझे हात गेले. तेव्हाही तो म्हणाला होता, वयाप्रमाणे होतंच आई.

मी त्याला म्हटलं, "तू चाकूची धार मारलीस, ते एक वेळ सोड. मी हात गेले म्हणून सांगत होते, तेव्हा तुला खरं ठाऊक होतं, आणि तू मला ते मानू दिलंस."

मी फोन ठेवला. भाई गोणीजवळच उभे होते. "हे बरं केलं नाय त्यानं," एवढंच म्हणाले आणि घरून चहा पाठवून दिला.

धार मला लावता आली असती, दगड माझ्याकडे होता. लावली नाही. तो चाकू मला हातातच धरवेना. दुसऱ्या दिवशी पेणला जाऊन त्याच दुकानात मी भोकाचा चाकू मागितला. दुकानदाराने सवयीने माझ्या मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं. मी काउंटरवर चाकू एका हाताने उघडला, मिटला, पुन्हा उघडला, धार नखावर पाहिली आणि बांधून न घेता पिशवीत टाकला. डबी तिथेच ठेवली.

हंगाम सरत आला होता. कोंब जून झाले होते. तरी जेवढे कोवळे सापडले तेवढ्यांवर मी कलमं बांधली. चाकू कोंबातून असा गेला की मला हसू आलं आणि त्याच क्षणी पुन्हा राग आला. सगळी नाही जगली, उशीर झाला होता. जी जगली ती आता भाईंच्या कुंपणालगत उभी आहेत.

गणपतीला मुलगा आला. आरती, जेवणं, पाहुणे सगळं रीतीने झालं. दुपारी तो माझ्यापाशी येऊन बसला आणि म्हणाला की काळजीपोटी केलं. मी म्हटलं, माहीत आहे. तो सुटल्यासारखा हसला. माफ केलं असं त्याला वाटलं असावं. मी तसं काही म्हटलं नव्हतं. स्प्रिंगचा चाकू मी त्याच्या बॅगेत ठेवून दिला, आणि तो घेऊन गेला. माझा राग अजून गेलेला नाही आणि तो घालवायची मला घाई नाही. आता तो फोनवर माझ्या हातांची चौकशी करतो, तेव्हा मी त्याला हातांबद्दल काही सांगत नाही. कलमांबद्दल सांगते.