समासातलं भांडण

वाचनालयातून आणलेल्या त्या दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी कादंबरीत, पानांच्या समासात, आधीच्या दोन वाचकांचं पेन्सिलीने भांडण चाललं होतं. "नायिका रडूबाई आहे नुसती!" असं ठसठशीत अक्षर पानोपानी वैतागलेलं. त्याखाली बारीक अक्षर सुनावायचं, "तिच्या जागी एक दिवस राहून बघा!" पुस्तक देताना ग्रंथपालबाई म्हणाल्याही होत्या, "थांबा, खोडून देते." बरं झालं, मी थांबले नाही.

शेवटच्या पानावर नायिका मरते. तिथे बारीक अक्षर गप्प होतं. ठसठशीत अक्षराने मात्र लिहिलं होतं, "एवढ्यात नको. अजून एक संधी द्या तिला."

मी त्या ओळीवरून हलकेच बोट फिरवलं. कधी जन्मालाच न आलेल्या बाईसाठी एक तापट माणूस कुणाकडे तरी रदबदली करत होता.