रोजचा रहिवासी दाखला

वडिलांचा मृत्यूदाखला काढायला मी पळसदरीच्या पलीकडे आमच्या गावी गेलो होतो. ग्रामपंचायतीतल्या सेवा केंद्रात माझ्याआधी एक म्हातारी उभी होती. कारकून काही बोलायच्या आत तिनं अंगठा पदराला पुसून यंत्रावर टेकवला. त्यानं रहिवासी दाखला छापून दिला. शिक्क्याच्या शाईवर फुंकर घालत तिनं तो पिशवीत ठेवला. पिशवीत कालचाही तसाच दाखला होता.

"आजी, रोज घेता?"

"नवा कायदा आलाय. रोज एक तरी अर्ज आला तर गावातलं हापीस हलवायचं नाय. नायतर गेलं कर्जतला. माजे गुडघे कर्जतपत्तुर जातील व्हय?"

घरी सगळ्या डब्यांखाली तिनं दाखलेच अंथरले होते म्हणे. "मी हितं ऱ्हात नाय, असं आता कोन म्हनंल?"

मग तिची नजर माझ्या कागदांवर गेली. अर्ज, डॉक्टरांची चिठ्ठी, सगळं तयार होतं. ती भडकलीच.

"उद्या मी लेकीकडं खालापूरला चाललेय. तू आजच सगळं उरकलंस तर उद्या कोन येनार रं?"

कारकुनानं माझ्याकडे आशेनं पाहिलं. 'उद्या या' ऐकून आयुष्यभर टेबलं आपटलेला मी आपणहून कागद गुंडाळून बाहेर पडलो.

सरकारदरबारी वडील आणखी एक दिवस जिवंत राहिले. त्यांची हरकत नसती. गुडघे त्यांचेही दुखायचे.