बोटांना ठावं असतं

माझा कॉम्प्युटर दर दहा मिनिटांनी बंद पडायचा आणि मी दर वेळी पासवर्ड टाकून तो पुन्हा सुरू करायचे. कार्ल्याहून दुरुस्तीवाला आला त्या सकाळी मात्र मला पासवर्डच आठवेना.

"लय महत्त्वाचं हाय का ह्यात काई, मावशी?" त्याने विचारलं.

"माझ्या आठवणी लिहितेय," मी म्हणाले. माणूस सभ्य होता. हसला नाही, नुसता स्क्रू-ड्रायव्हर पुसत राहिला.

लोणावळ्याच्या दमट हवेला घाबरून मी सीपीयूला प्लॅस्टिक गुंडाळलं होतं. बाळाचं दुपटं सोडवावं तसं त्याने ते अलगद सोडवलं. "गुदमरत व्हतं बिचारं. तापलं की बंद पडायचं."

मग त्याने मला कीबोर्डवर हात ठेवायला सांगितले आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. "पासवर्डाचा इचार करू नका. चहा कसा करता त्ये सांगा. बोटांना ठावं असतं."

मी गवती चहापर्यंत पोचले आणि कॉम्प्युटर उघडला!

आनंदाच्या भरात मी त्याला माझं पहिलं पान दाखवलं. त्याने ते सावकाश, मोठ्याने वाचलं: "माझा जन्म एका सुसंस्कृत व ध्येयवादी कुटुंबात झाला."

तो जरा घुटमळला. "ह्ये मातुर डोक्यानं लिवलंय, व्हय ना मावशी?"

तो गेल्यावर मी ते वाक्य पुसलं. मग त्याच्या पुढचं. संध्याकाळपर्यंत दोनशे पानांतली अडीच उरली. मेला कॉम्प्युटर त्या दिवशी एकदाही बंद पडला नाही.