पोपटवाले चाचा

दाण्यांची वाटी तोंडाजवळ धरून चाचा हलकेच फुंकर मारायचे. वरची टरफलं उडायची, त्यांच्यासोबत पक्ष्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळही. मग म्हणायचे, "हे काय काम हाय बे? हा तं खेळ हाय. काम माह्या वावरात."

वडनेर भोलजीजवळच्या एका बागेत परदेशी पोपटांचं मोठं जाळीघर होतं. कॉलेजच्या सुट्टीत मी तिथे फाटकावर तिकिटं फाडायचो. चाचा सकाळी जाळीघर झाडायचे, दाणापाणी करायचे आणि दुपारी आपल्या कपाशीत जायचे. त्यांच्याबद्दल मला नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही.

तुम्ही त्या बागेत गेला असाल तर त्यांचा पांढरा पोपट आठवत असेल. नाव राजा. चाचा ओठांत शेंगदाणा धरायचे आणि राजा खांद्यावरून वाकून तो अलगद काढून घ्यायचा. कुणीतरी विचारायचंच, "चाचा, चाचीले असा घास देता का?"

"तिले देला तं ओठ घेऊन जाईन."

त्या वर्षी बीटी कपाशीवरही बोंडअळी आली. चाचा म्हणायचे, "कंपनीनं अळीले सांगतलंच नाई वाटते." गावोगाव फवारणी वाढली. विष अंगात भिनून माणसं दवाखान्यात जाऊ लागली. त्यामुळे चाचांना ताप चढून धाप लागली, तेव्हा सगळे एकच बोलले, "फवारा लागला."

डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करता?"

"कपाशी हाय साहेब."

"आणखी काही?"

"नाई."

ते खोटं बोलले नव्हते. उपचार विषावर सुरू झाले. ताप उतरेना.

मी भेटायला गेलो तेव्हा ते ग्लानीत पुटपुटत होते, "राजा, पाणी पे बाप्पा."

सिस्टरने त्यांच्या मुलाला विचारलं, "राजा म्हणजे नातू का?"

"नाई. पोपट हाय, बागेतला. अब्बा पाह्यतात त्याइले."

शेजारच्या खाटेजवळचे डॉक्टर वळले. त्यांनी बरंच काही विचारलं आणि औषध बदललं. पक्ष्यांच्या विष्ठेची धूळ श्वासातून आत गेली की असा न्यूमोनिया होतो, असं त्यांनी आम्हाला सांगितलं.

चाचा वाचले. छाती मात्र कमजोर झाली. डॉक्टरांनी बजावलं, यापुढे पक्ष्यांजवळ जायचं नाही.

"मंग राजाले दाणा कोन टाकन?" चाचांनी विचारलं.

बाग काही दिवस बंद राहिली, पक्ष्यांनाही औषध दिलं गेलं. पुन्हा उघडल्यावर चाचा एकदा आले, तोंडाला रुमाल बांधून. जाळीपासून लांब उभे राहिले. राजा जाळीवर चढला आणि त्याने चोच बाहेर काढली. चाचांनी हात पाठीमागे बांधून घेतले.

बाजूला एक बाई कडेवरच्या लेकराचं तोंड जाळीपाशी नेत होती.

"ताई, लेकरू मांगं घ्या."

"काऊन? चावते का?"

"नाई," चाचा म्हणाले. "लय जीव लावते."

मग ते फाटकाकडे निघाले. राजा पंजे आणि चोच रोवत जाळीवरून त्यांच्या बरोबरीने सरकत राहिला. कोपऱ्यावर जाळी संपली. चाचा तसेच पुढे गेले.