राहिलेलं नाव

पोह्यांसाठी कांदा चिरून झाला होता आणि आमचे हे मोज्याचा दुसरा पाय शोधत घरभर फिरत होते, तेवढ्यात दाराची कडी वाजली. दारात शेजारचे सोपानभाऊ. मी चक्रावलेच. कारण भाऊ कधी कडी वाजवत नाहीत. रस्त्यावरूनच "अवसरीचे सुपुत्र घरात आहेत काय?" अशी गर्जना होते, आणि आमचे हे दात घासत असले तरी सत्काराला निघाल्यासारखे बाहेर येतात.

सोपानभाऊ म्हणजे लग्नातला माईक. अवसरीपासून नारायणगावपर्यंत त्यांच्याशिवाय मांडव पुरा होत नसे. आमच्याकडे अक्षता पडण्याआधी आलेल्या मान्यवरांची नावं पुकारतात. आजी चेअरमन, माजी चेअरमन, भावी सरपंच. उमेदीच्या काळात एकदा दूध संस्थेच्या माजी चेअरमनचं नाव राहिलं, आणि तो गृहस्थ न जेवता निघून गेला. भाऊंनी त्याचा असा धसका घेतला, की पुढे ते मांडवात नसलेल्यांचीही नावं घेऊ लागले. वाटेत असतील, म्हणून. मुहूर्त टळला तर टळला, नाव राहता कामा नये. लोक खूश. आधी भाऊंची तारीख मिळवत, मग कार्यालयाची.

त्यांच्या बायकोला, भागूताईंना, याचं भारी हसू यायचं. नवरदेवाला "नाव घ्या, नाव घ्या" म्हणून गळ घालणारा हा माणूस घरात बायकोला फक्त "अगं" म्हणायचा. जुन्या वळणाची माणसं, नावानं हाक मारायची रीतच नाही. भागूताई कुंपणाशी उभ्या राहून मला म्हणायच्या, "आख्खा तालुका पाठ हाये यांना. माझं नाव इचारून बघा."

गेल्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि भागूताई गेल्या. दशक्रियेला घाटावर ही गर्दी. श्रद्धांजलीची भाषणं झाली. जो तो भाऊंच्या आवाजाची स्तुती करत होता. एकाने तर आपल्या पतसंस्थेच्या नव्या शाखेची माहिती देऊन घेतली. शेवटी आभाराला माईक भाऊंच्याच हातात आला. सवय मोठी वाईट. त्यांनी संचालकांपासून मंडपवाल्यापर्यंत सगळ्यांचे नावानिशी आभार मानले. लवकर शिवला म्हणून कावळ्याचेसुद्धा मानले. लोकांना हसावं की डोळे पुसावेत कळेना. भाऊ खाली बसले तेव्हा सून रुपाली हळूच म्हणाली, "मामा, आईंचं नाव राहिलं."

तेव्हापासून भाऊंनी माईकला हात लावलेला नाही. ठरलेल्या तारखा परत केल्या. भाऊ संपले, असं लोक म्हणू लागले, आणि नारायणगावच्या एकाने तर तसाच फेटा बांधून त्यांची नक्कलही सुरू केली.

आज भाऊ आत येऊन चहाची बशी हातात धरून बसले. मग सांगू लागले. गुरुवारी वर्षश्राद्ध. पुढाऱ्यांचे फोन येतायत, भाषणं किती वाजता म्हणून. माईकच लावणार नाही असं भाऊंनी कळवलं, तर दोघांना लगेच बाहेरगावी कामं निघाली. तेवढीच जेवणाची ताटं वाचली, म्हणाले, आणि जरासे हसले.

मी म्हटलं, माईक नसेना का, तुम्हीच साध्या आवाजात ताईंविषयी बोला. तर तेही करून पाहिलं होतं. गोठ्यात जाऊन. 'भागूबाई' म्हटलं की पुढे आपोआप 'यांचं परिवाराच्या वतीने सहर्ष स्वागत' येतं. शेवटी म्हैस वैरण सोडून त्यांच्याकडे बघत राहिली.

त्यांनी बशी खाली ठेवली.

"कोण रुसंल याचीच भीती घेऊन जन्म काढला, वहिनी. ही कधी रुसलीच न्हाई. म्हणून राहून गेली."

आमचे हे एका पायात मोजा घालून दारात उभे होते. एरवी भाऊंची फिरकी घेतल्याशिवाय राहत नाहीत, आज दुसरा मोजा विसरून भाऊंच्या शेजारी येऊन बसले.

"तुमी तिला कुंपणावरनं हाक मारायच्या," भाऊ म्हणाले. "गुरुवारी सगळी माणसं जमली, की अंगणातनं तशीच एकदा मारा. 'भागूताई, आहात का?' एवढंच."