बॉनच्या दगडांवरची फौज

रोमन दगड वाचायला जायचं म्हणजे शनिवार वाया, असं मलाही आधी वाटायचं. आता कोणी घरी जेवायला आलं की किस्से सांगता सांगता भात गार होतो! जर्मनीतल्या बॉनच्या म्युझियममध्ये आम्ही तिघं जमतो: मी, ऑफिसातला निखिल आणि लॅटिन शिकवून रिटायर झालेल्या हायकेबाई. ऱ्हाईनकाठी रोमन फौजेची छावणी होती. तिथल्या शिपायांच्या थडग्यांचे दगड आम्ही वाचतो.

*

पहिल्याच दिवशी निखिलला एका नावाआधी > अशी खूण दिसली. सॉफ्टवेअरचा माणूस! म्हणाला, "ग्रेटर दॅन!"

हायकेबाई खूश. "गेनाऊ, अगदी बरोबर! सेंच्युरियनची खूण. ऐंशीएक शिपायांचा वरिष्ठ."

पूर्ण हुद्दा कोरायला जागा कुठली? म्हणून हा शॉर्टकट. त्या खाचेत बोट घालून बघावं म्हणून मी हात पुढे केला, तर गार्ड ओरडला!

*

एका दगडावर होतं, 'इम्यूनिस'. मी विचारलं, "कशापासून इम्यून? सर्दीपासून?"

"खंदक खणण्यापासून. हातात कसब असलेल्याला अंगमेहनत माफ."

निखिल म्हणाला, "म्हणजे आयटीवाला!"

*

एकदा हायकेबाईंनी ब्रिटनमधल्या एका दगडाचा फोटो दाखवला. त्यावर मेलेल्याचा हुद्दा होता, 'ऑप्टिओ आद स्पेम ऑर्डिनिस'. सेंच्युरियनचा दुय्यम, बढतीच्या आशेवर असलेला. माणूस गेला, आशा दगडावर तशीच!

निखिल कधीपासून टीम लीड व्हायची वाट बघतोय. म्हणाला, "यांनी दगडावर कोरलं. आमचा बॉस ईमेलमध्येसुद्धा लिहीत नाही!"

*

मग साताऱ्याहून माझे सासरे आले. अप्पा फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेत. तरुण शिपाई कोरलेल्या एका दगडापुढे ते थबकले.

"हा पोरगा कुठला?"

मी हायकेबाईंना विचारून सांगितलं, "इटलीचा, अप्पा."

"आईबाप तिकडं. मग दगड कुणी लावला?"

हायकेबाईंनी शेवटची ओळ दाखवली. "कोंटुबेर्नालिस."

"अप्पा, म्हणजे एका तंबूत राहणारा. त्याच्या जोडीदारानं लावला."

अप्पांनी टाचा जुळवल्या. मग म्हणाले, "मारुतीला फोन लाव."

मारुतीकाका कराडला असतात. लडाखात दोघं एकाच तंबूत होते. मी स्पीकर लावला.

"मारुत्या, तुझा दगड मी लावायचा, का माझा तू?"

पलीकडून मारुतीकाका खाकरले.

"थंडी हाय का रं तिथं?"

"हाय."

"मग आधी कान बांध."