सकाळच्या दहा मिनिटांत मी जे बोलले नाही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. आणि ज्यांना सांगायला हवं होतं, त्यांना तर नाहीच.

आधी रामटेके मॅडमबद्दल सांगते. त्यांच्याबद्दल सांगितल्याशिवाय माझं कळायचं नाही.

नागभीडच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका सरकारी दवाखान्यात मी नर्स होते. मॅडमच्या आधी जे साहेब होते त्यांचा धाक मोठा. जरा काही झालं की मेमो. त्यामुळे दवाखाना कागदावर अगदी चोख — कुणाकडून काही चुकतच नव्हतं. थर्मामीटर फुटला तरी फुटत नव्हता. सलाईनची बाटली तासभर रिकामी लटकत राहिली तरी वहीत वेळेवर बदललेली असायची. त्या काळात मला एकही मेमो मिळाला नाही. माझा कागद सगळ्यांत स्वच्छ. साहेब इतरांना माझं उदाहरण द्यायचे, आणि खरं सांगू? मला ते फार आवडायचं.

मग मॅडम आल्या. रुजू झाल्याच्या दुसऱ्याच सकाळी त्यांनी सगळ्यांना व्हरांड्यात बोलावलं — झाडूवाल्या मावशीपासून औषधवाल्यापर्यंत. आता कुणाची पाळी, असं आम्हाला वाटलं. त्या म्हणाल्या, "काल एका माणसाचा हात मोडला होता. मी मुरगळला म्हणून घरी पाठवत होते. शंकरभाऊंनी अडवलं म्हणून वाचले."

शंकरभाऊ आमचे वॉर्डातले जुने परिचर. ते एकदम खाली पाहू लागले. वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांचं नाव असं चारचौघांत कुणी घेतलं नव्हतं.

तेव्हापासून रोज दहा मिनिटं. ज्याचं काल काय चुकलं त्यानं ते सांगायचं. मेमो नाही, टोमणा नाही. पहिले काही दिवस मॅडम एकट्याच बोलायच्या. मग शंकरभाऊ बोलले. मग मावशी. मग सुनीता — माझ्याहून बरीच लहान, राजुऱ्याची नर्स, जिनं आधीच्या साहेबांच्या वेळी बदलीचा अर्ज टाकला होता. एका सकाळी तिनं आपली चूक सांगितली, आणि त्याच आठवड्यात अर्ज मागे घेतला. म्हणाली, "इथी आता कामावर यायची भीती वाटत नाई ताई."

दवाखाना बदलला. पेशंटला दुसऱ्यांदा विचारायला कुणी लाजेना. औषधाची तारीख उलटलेली दिसली की ओरडून सांगायचे. पूर्वी सुटी मारणारे लोक वेळेआधी यायला लागले. एक बाई नुसती खरं बोलून पंचवीस माणसं बदलू शकते, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

त्या दहा मिनिटांत मीही बोलायचे. लहानसहान. एखादी चादर, एखादी विसरलेली सही.

धानकापणीच्या दिवसांत मडावी आजी आली. विळ्यानं पाय कापलेला, जखम चिघळलेली. वॉर्ड भरलेला होता, माझी ड्यूटी संपत आलेली. मी तिचा कागद भरत होते. दोनला सुनीता आली, मी कपडे बदलायला गेले. सुनीतानं नियमाप्रमाणे आधी चाचणीपुरतं थेंबभरच औषध टोचलं. तेवढ्यानंही आजीचा चेहरा सुजला, श्वास अडकायला लागला. मी पळत आले तेव्हा मॅडम ओपीडीतून पोचल्या होत्या. आवाज शांत. काय हवं ते एकेक करून मागत होत्या. आजी वाचली.

आता थांबता येणार नाही.

आजीनं मला सांगितलं होतं. कागद भरताना, स्पष्ट — "हे सुई मले चालत नाई बाई, मागं तोंड सुजलं होतं." अर्धं गोंडीत, अर्धं मराठीत, पण मला कळलं होतं. लिहिते लिहिते म्हणत मी दुसऱ्या पेशंटकडे वळले. आणि सगळे आजीभोवती असताना मी तिचा कागद उचलला आणि त्यावर लिहिलं — 'औषध न चालण्याबद्दल विचारले. नाही म्हणाली.'

संध्याकाळी आजी मॅडमला म्हणाली, "मी सांगतलं होतं."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "नाई मॅडम, नाई सांगितलं."

मॅडम खाली वाकल्या आणि आजीचा हात धरून म्हणाल्या, "सांगितलं असेल आजी. आमच्यापर्यंत पोचलं नाई. चूक आमची."

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात त्या नेहमीपेक्षा जास्त वेळ उभ्या राहिल्या. त्यांना ठाऊक होतं का? मला आजही सांगता येत नाही. सुनीता रडत होती. मी माझ्या चपलांकडे पाहत होते. मग मॅडमनी ठरवलं — गोंडी येणारं माणूस दर पाळीला हवं, आणि कुठलं औषध चालत नाही, हा प्रश्न दोन नर्सनी वेगवेगळा विचारायचा.

चौकशीला जिल्ह्याहून साहेब आले. मॅडमनी लिहून दिलं की सुनीताचा दोष नाही, जबाबदारी त्यांची. साहेबांनी मला वेगळं बोलावलं. दवाखाना कसा चालतो, विचारलं. मी म्हणाले, "पूर्वी शिस्त होती. आता मेमो निघत नाहीत, धाक राहिला नाही."

हे मी म्हणाले. कुणी वदवून घेतलं नाही.

त्या चौकशीवरून मॅडमची बदली पार टोकाला, सिरोंच्याकडे झाली. जाताना त्यांनी प्रत्येकाचा हात हातात घेतला, माझाही. सुनीतानं पुन्हा अर्ज टाकला आणि गेली. टोचायची वेळ आली की ती सिरिंज दुसरीच्या हातात द्यायची, शेवटपर्यंत.

आज मी दुसऱ्या तालुक्यात इन्चार्ज आहे. मॅडमसारखी रोज दहा मिनिटं घेते. पोरी मोकळेपणानं बोलतात. बाहेरून लोक येतात, म्हणतात, तुमच्याकडचं वातावरण फार चांगलं आहे. मी सांगते, हे रामटेके मॅडमचं आहे. एवढं मात्र सांगते.

मागे त्यांचा फोन आला होता, निवृत्त होताना. म्हणाल्या, "तुझ्या वॉर्डाचं ऐकलं. लई बरं वाटलं." सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणाले, "तब्येतीला जपा मॅडम." आणि फोन ठेवला.